गद्य आलं की पॉज

वैशाखातली दुपार होती. माझ्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल झाला होता, तो बदलून घ्यायला मी बापूसाहेबांच्या दुकानात गेलो होतो. दौंड स्टेशनाबाहेर, रिक्षा स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घड्याळं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. पहिली पाळी सुटली की पाय आपोआप तिकडे वळायचे, आणि हे वीसेक वर्षं चाललं होतं. साल अठ्ठ्याण्णव. पुढचं सगळं तुम्हाला खोटं वाटेल, म्हणून निदान साल तरी खरं सांगून ठेवतो.

दुकानाच्या पायरीशी एक बाई उभी होती. डोईवर पदर, हातात कापडी पिशवी, उन्हानं तोंड करपलेलं. मी तिला ओळखलं आणि नजर खाली घातली. म्हाळूबुवांची बायको, धुरपदा वहिनी. बुवांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मातीला आम्ही पोचलो तेव्हा लोक परत निघाले होते, आणि त्यानंतर बुवांच्या गावची, इनामगावची वाट आम्ही धरलीच नव्हती.

म्हाळूबुवा कोण, हे आधी सांगायला हवं. बापाच्या काळापर्यंत मेंढरं, बुवांच्या काळात घोडनदीच्या काठी दोन एकर रान, आणि गळ्यात असा आवाज की ऐकणाऱ्यानं वेडं व्हावं. आमच्या भागात जत्रेला संगीत नाटक करणारी एक मंडळी होती, तीत ते गायचे. संगीत नाटकात नायकाला वर चढणारा गळा लागतो. बुवांचा गळा खाली उतरणारा. म्हणून त्यांना कधी नायक मिळाला नाही. मंडळीच्या मास्तरांनी स्वतः लिहिलेल्या नाटकात म्हाताऱ्या राजाचं काम मिळालं. पदं चारच, पण पाच गावांतली माणसं त्या चार पदांसाठी बैलगाड्या जुंपून यायची.

बुवा खर्ज लावायचे तेव्हा रंगमंचाच्या फळ्या थरथरायच्या. हे मी वाढवून सांगत नाही. बापूसाहेब पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला फळीच्या कडेला ठेवायचे आणि पाण्यावर उठणारे तरंग मला कोपरानं ढोसून दाखवायचे. मंद्रातल्या पंचमाखाली बहुतेकांचा गळा नुसती हवा सोडतो. बुवा त्याच्याही खाली गंधारापर्यंत जायचे आणि तिथे निवांत बसायचे. दुकानात जमणारे आम्ही पाच-सहा वेडे पेटी काढून तो सूर शोधायचो, त्यावरून भांडायचो. कुणी म्हणे गंधार, कुणी म्हणे कोमल गंधार. एकदा त्यावरून दोघंजण महिनाभर बोलले नव्हते.

आम्ही प्रत्येक प्रयोग टेप करायचो. कॅसेट साठ मिनिटांची आणि नाटक चार तासांचं, तेव्हा टेप जपून वापरावी लागे. त्यासाठी बापूसाहेबांनी नियम घालून दिला होता: गद्य आलं की पॉज. पद संपलं की अंगठा बटणावर. टाळ्या नकोत, भाषणं नकोत, बोलणं नको. तेवढी वाचलेली टेप पुढच्या पदाच्या कामी येते. चौसष्ट कॅसेटी जमल्या होत्या आमच्याकडे, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान.

वहिनींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "त्यांच्या कॅसेटी हायेत ना तुमच्याकडं?"

बापूसाहेब खुलले. म्हणाले, हव्या तेवढ्या घेऊन जा, कोणतं पद पाहिजे ते फक्त सांगा.

"पद न्हाई पायजे. त्यांचं बोलणं हाय का कुठं?"

बापूसाहेबांचा कॅसेटच्या खोक्याकडे गेलेला हात तिथेच थांबला.

"कसलंबी चालंल," त्या म्हणाल्या. "आवाज गेल्यावर दोन-तीन वर्सं नुसतं कुजबुजायचं. आता ध्यानात तीच कुजबूज राह्यली. त्याच्या आधी मला हाक कशी मारायचं, त्ये आठवंना झालंय. गाणं तुमचं व्हतं भावजी. बोलणं माजं व्हतं."

चौसष्ट कॅसेटी, आणि त्यात बुवांचं एक वाक्य नव्हतं. आम्ही त्यांना कधी धड बोलूच दिलं नव्हतं, हे खरं. दुकानात येऊन ते पावसापाण्याचं काही सांगायला लागले की कुणीतरी म्हणायचं, जरा खर्ज लावा की बुवा. आवाज गेल्यानंतरही ते यायचे, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. आम्ही त्यांचीच कॅसेट लावून माना डोलवत असायचो. एकदा त्यांनी त्या घोगऱ्या कुजबुजीत काही सांगायला सुरुवात केली, तर मी म्हणालो, "थांबा बुवा, ऐकू द्या." तेव्हा मी हसलो होतो. पुढच्या आठवड्यापासून ते यायचे बंद झाले. मला त्याची लाज त्या दुपारी वाटली, वहिनी समोर उभ्या असताना. त्याआधी वाटली नव्हती.

बापूसाहेब मनानं मऊ माणूस. त्यांनी शब्द दिला की आम्ही सगळ्या कॅसेटी पुन्हा ऐकू, एखाद्या ठिकाणी बटण उशिरा दाबलं गेलं असेल तर दोन शब्द तरी सापडतील.

मी एकटाच राहत होतो, बायको-मुलं गावी. त्यामुळे ऐकायचं ठरलं माझ्या रेल्वे क्वार्टरमध्ये. दुपारी दोन ते पाच. खिडक्या लावून, पंखा बंद करून, कारण पंख्याच्या आवाजात बारीक काही ऐकू येत नाही. दिवसाउजेडी घामानं निथळत आम्ही पदं पुढे ढकलायचो आणि फक्त सांधे ऐकायचो. पद संपतं, खट असा आवाज होतो, आणि लगेच पुढच्या पदाची पेटी सुरू होते. मधे काही नाही. आठ दिवसांत पन्नास कॅसेटी झाल्या. खट, पेटी. खट, पेटी.

मग राहू गावच्या जत्रेची कॅसेट लागली.

ती कॅसेट मला लावायची नव्हती. त्याचं कारण फक्त मला माहीत होतं.

राहूला त्या वर्षी संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा होता म्हणून नाटक भर दुपारी ठेवलं होतं. चैत्राचं ऊन, वर ताडपत्री, खाली दोन हजार माणूस. बुवांचा घसा पंधरा दिवस बसलेला. डॉक्टरांनी महिनाभर तोंड उघडू नका म्हणून बजावलं होतं, पण प्रयोग ठेवणारे आम्हीच, हँडबिलं छापून बसलो होतो, आणि त्यावर त्यांचं नाव राजाच्या मुकुटाएवढं. ते आले. शेवटचं पद गायले, आणि काय गायले! पद संपताच माझा अंगठा सवयीनं पॉजवर गेला. त्यांनी गळ्यावर हात ठेवला, विंगेकडे बघितलं आणि म्हणाले, "कुणी पाणी देता का?" टेप घेऊन मी फळीच्या कोपऱ्याशी एकटाच बसलो होतो, मला ते ऐकू गेलं. क्षणभर सगळा मांडव गप्प होता. आणि मग मी ओरडलो, "वन्स मोअर!"

पहिला मी. मग सगळा मांडव. तीनदा गायला लावलं त्यांना. तिसऱ्या वेळी त्या तळच्या सुरावर जाताना काहीतरी तुटलं. रुमाल तोंडाला लावून ते आत गेले, आणि तो आवाज पुन्हा कधी आलाच नाही. गावोगावी लोक हळहळले, पहिला वन्स मोअर कोणत्या नतद्रष्टानं दिला म्हणून शिव्या घालत राहिले. मीही घातल्या. बापूसाहेब त्या दिवशी मेव्हणीच्या लग्नाला कासुर्डीला होते, त्यांना काही माहीत नव्हतं. आणि टेपवर पुरावा नव्हता, कारण मी आधी बटण दाबलं होतं आणि मग ओरडलो होतो.

तर ती कॅसेट. शेवटचं पद संपलं. खट झालं. आणि वन्स मोअरची पेटी लगेच सुरू झाली नाही.

मधे कुणीतरी श्वास घेतला.

बापूसाहेबांनी मागे घेऊन पुन्हा लावली. श्वास आता लांब होता, आणि त्यामागे उन्हात तापलेल्या ताडपत्रीची फडफड. ते म्हणाले, टेप गुंडाळलेली राहिली की एका थरावरचं दुसऱ्यावर उमटतं, तसलं काही असेल. मी मान हलवली. खोलीत दाढी चिकटवायच्या गोंदाचा वास यायला लागला होता, नाटकाच्या रंगपटात येतो तसा. ते दोघांच्याही लक्षात आलं.

तिसऱ्यांदा लावली. खट. श्वास. आणि मग बुवा बोलले. घोगरेपणाचा लवलेश नाही, भरलेला, खालचा, अंगणातून घरात बोलावं तसा आवाज.

"धुरपे... दार लोटून घे गं. ऊन आत येतंय."

मग पेटी.

बापूसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "आनंदराव... हे वाक्य नाटकात न्हाई."

"न्हाई."

"मग हे रेकॉर्ड कुणी केलं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते भीतीचं नव्हतं; सांगायला लाज वाटते, भ्यायलो होतो तो मी. ते म्हणाले की कसं का असेना, वहिनींचं काम झालं. उद्या कॅसेट पोचवू. मी म्हटलं, मीच जातो. ते गेल्यावर मी दाराला कडी घातली.

मला माहीत होतं की ते रिकामं ठिकाण वाढतंय. दर खेपेला थोडं थोडं. खरं तर तेव्हाच टेप उपसून चुलीत घालायला हवी होती. पण माणसाला आपलं पाप कुठवर वर आलंय ते बघायची खोड असते. मी चौथ्यांदा लावली.

खट. श्वास. धुरपे, दार लोटून घे गं. मग थोडी शांतता, आणि त्या शांततेत, "कुणी पाणी देता का?" मग पुन्हा शांतता. आणि त्यानंतर टेपच्या अगदी जवळ, माइकला तोंड लागलंय इतक्या जवळ, कुणीतरी ओरडण्यासाठी छाती भरून घेतली. तो श्वास माझा होता. मी बटण दाबलं. बाहेर पाच वाजताची मालगाडी शंटिंग करत होती, पोरं क्रिकेट खेळत होती, आणि मी दोन्ही हातांनी टेपरेकॉर्डर दाबून धरून बसलो होतो.

पुढच्या खेपेला ती आरोळी ऐकू येणार होती. बापूसाहेबांनी ती ऐकू नये, एवढं एकच माझ्या मनात होतं. बुवांचं नाही, वहिनींचंही नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी शिरूरच्या एसटीत बसलो, फाट्यावर उतरलो आणि उसातली वाट तुडवत इनामगावात पोचलो. पिशवीत कॅसेट आणि माझा टेपरेकॉर्डर. म्हटलं, म्हातारी एकदा ऐकेल, आरोळी ऐकली तरी ती कुणाची हे तिला काय कळणार. माझा आवाज असा काही लक्षात राहण्यासारखा नाही.

नदीकडेला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. वहिनींनी कॅसेट घेतली, बटणं कशी दाबायची ते समजून घेतलं, आणि टेपरेकॉर्डर आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं. मी बाहेरच्या खोलीत पोत्यावर बसलो. पत्रा उन्हानं कडकड वाजत होता.

आत बटण दाबल्याचा आवाज झाला. पद वाजलंच नाही. नुसती टेपची सरसर. मग वहिनी बोलल्या. "व्हय," म्हणाल्या. मग थांबल्या. "न्हाई, म्हस इकली." पुन्हा थांबल्या. "जेवले की. खोटं कशाला सांगू?" मधल्या वेळात मला सरसरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. एकदा त्या हसल्या, नव्या नवरीगत. तासभर हे चाललं, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू केव्हाच संपून जायला हवी होती.

दार उघडलं. वहिनींनी तोंड धुतलं होतं, डोळे शांत.

"भावजी, ते इचारत्यात," त्या म्हणाल्या, "राहूला पयला वन्स मोअर कुणी दिला?"

मला खरं सांगता आलं असतं. समोर एक विधवा बाई, मागे लोटलेलं दार, दुसरं कुणी नाही. सांगितलं असतं तर तिनं फार तर शिव्या दिल्या असत्या.

"बापूसाहेबांनी," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवून आत गेल्या. थोड्या वेळानं चहा घेऊन आल्या, मी तो घटाघटा प्यालो आणि टेपरेकॉर्डर तिथेच ठेवून निघालो. फाट्यावर येईपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की मेलेल्या माणसाला सांगितलेलं खोटं कुणाला लागत नाही.

पंधराव्या दिवशी बापूसाहेबांचा आवाज गेला. सकाळी उठून बायकोला चहा मागायला त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातून हवासुद्धा आली नाही. कुजबुजही नाही. पुण्याला नेलं, नळी घालून बघितलं. डॉक्टर म्हणाले, गळा लहान मुलासारखा साफ आहे, बोला. ते बोलू शकले नाहीत. दुकानात बसायचे, गिऱ्हाईकाला खुणा करायचे. गिऱ्हाईक कमी झालं. वर्षभरात माणूस निम्मा झाला. मी रोज जायचो, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. एक दिवस त्यांनी कॅसेटच्या खोक्यातल्या कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं: आनंदराव, माझं काय चुकलं असेल हो? मी म्हणालो, असं मनाला लावून घेऊ नका. घडाघडा, स्वच्छ आवाजात म्हणालो. त्यांनी कागद परत घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

कागदाच्या त्या घडीनं माझी झोप उडाली. पुढच्या रविवारी मी पुन्हा इनामगावला गेलो. दुपारचीच वेळ होती. वहिनी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. अंगानं भरल्या होत्या, तोंडावर तजेला होता. मी चपला काढल्या आणि उभ्यानंच सांगून टाकलं. पहिला वन्स मोअर मी दिला. पाणी मागितलेलं ऐकून दिला. बापूसाहेब त्या दिवशी राहूला नव्हतेच. जे काही करायचं ते मला करा, त्यांचा आवाज परत द्या.

वहिनींनी शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

"त्यांना ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी ज्या दिवशी कॅसेट आणली, त्याच दिवशी त्यांनी मला तुमचं नाव सांगितलं व्हतं. तुमी काय म्हणताय, त्ये बघायचं व्हतं त्यांना."

"मग बापूसाहेबांचा आवाज का नेला?"

"त्यांनी न्हाई नेला, भावजी. त्ये इसरले असते समदं. लई मऊ माणूस. त्यांनी इचारलं फकस्त." त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं. "तुमी दिला."

मी काहीतरी बोलणार होतो. पण तेवढ्यात आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. दार लोटलेलं होतं. आत दोन माणसं बोलत होती. एक आवाज खाली, फळ्या थरथरवणारा. दुसरा बारीक, चिरका, मी वीस वर्षं रोज ऐकलेला. बापूसाहेब दौंडला दुकानात मुके बसले होते, आणि त्यांचा आवाज इथे बुवांना गंधार की कोमल गंधार ते विचारत होता. बुवा समजावून सांगत होते. सावकाश, पूर्ण वाक्यांत, कुणी मधे तोडत नव्हतं.

"बसा की," वहिनी म्हणाल्या. "आत जायचं तर जावा. तुमचंच नाव चाललंय सकाळधरनं."

मी ओट्याचा खांब धरला. खरोखरच आतून माझं नाव ऐकू आलं. बापूसाहेबांच्या आवाजानं मला हाक मारली. "आनंदराव?" एवढंच, नेहमीसारखं, मी आहे का बघायला. मग दोन्ही आवाज थांबले. टेपची सरसर तेवढी चालू राहिली, आणि वहिनीही हातातली शेंग तशीच धरून माझ्या तोंडाकडे बघत बसल्या.

मी ओ दिली नाही. चपला तिथेच टाकून उसातून पळत सुटलो. गेली सहा वर्षं मी कुणालाच ओ देत नाही. हेसुद्धा लिहून दिलंय, ते त्याचसाठी. आता बायको-मुलं माझ्याकडेच असतात, आणि बायको समजते की मलाही बापूसाहेबांचा रोग लागला. लागलेला नाही. माझा आवाज शाबूत आहे, घशाशी येऊन थांबलेला असतो. पण रोज दुपारी, घरात कुणी नसताना, मागच्या खोलीतून ती हाक येते, आणि हल्ली ती एकट्या बापूसाहेबांच्या आवाजात नसते. माझा आवाज मी देत नाही, म्हणून माझ्या जागी दुसऱ्याचा जातो, हे कळायला मला सहा वर्षं लागली. कालच्या हाकेत माझ्या धाकट्या मुलीचा आवाज होता, आणि संध्याकाळी ती शाळेतून आली तेव्हा तिनं पाणी खुणेनं मागितलं.